आधी इतिहास, मग चहा

खांबेटेकाकांच्या घरी जेवायला बोलावलं की माणसांची पंगत आत बसायच्या आधी गाड्यांची पंगत बाहेर बसायची. काका स्वतः कोट-टोपी चढवून ड्राइव्हवेवर उभे राहायचे आणि ट्रॅफिक पोलिसासारखे हात करायचे. 'आपल्या कंपनीची' गाडी असेल तर ती थेट गराजच्या दारापाशी, मानाच्या जागी. डेट्रॉइटच्या बाकीच्या कंपन्यांच्या गाड्या घरासमोर, रस्त्याच्या कडेला. "भावकी आहे. पटत नाही, पण भावकीच," असं काका म्हणत. आणि जपानी गाडी आली तर ते तोंडानं काही बोलतच नसत. नुसता हात लांब करायचे, पार कोपऱ्यावरच्या चर्चच्या दिशेनं. भर जानेवारीत, घोटाभर बर्फातून, श्रीखंडाचं पातेलं छातीशी धरून चर्चपासून चालत आलेली माणसं मी या डोळ्यांनी पाहिली आहेत.

काका या कंपनीत बावीस वर्षं होते आणि तिचं नाव त्यांनी कधी घेतलं नाही. जुन्या बायका नवऱ्याचं घेत नसत ना, तसं. नेहमी 'आपली कंपनी'. शालूकाकू चिडवायच्या, "अहो, उखाण्यात तरी घ्या!" एकदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायकांनी फारच आग्रह धरला, तर काका लाजून बेसमेंटमध्ये निघून गेले. आता मलाही ते नाव लिहवत नाही. तुम्ही ओळखलं असेल तर मनात ठेवा.

मी मूळची नागपूरची. स्टेट कॉलेज नावाच्या गावी मास्टर्स केलं आणि डेट्रॉइटजवळच्या ट्रॉयमध्ये गाड्यांच्या सीटचा फोम बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत नोकरीला लागले. कुणाच्या तरी ओळखीनं खांबेट्यांच्या बेसमेंटमधली खोली मिळाली. ऐंशीचं दशक होतं ते. ट्रॉयमध्ये मराठी घरं बोटांवर मोजण्याइतकी, आणि त्यातल्या निम्म्यांचं पोट गाड्यांवर. पहिल्या दिवशी मी दोन बॅगा घेऊन दारात उभी, दात वाजताहेत, काकूंनी आधण ठेवलेलं. काका म्हणाले, "थांब. आधी इतिहास, मग चहा."

मला वाटलं थट्टा करताहेत. कसली थट्टा! मला सोफ्यावर बसवून त्यांनी आरंभ केला, तो थेट कीर्तनकारासारखा. "तो काळ कसा होता? घोड्यांचा! रस्त्यावर काय? शेण! आणि एक शेतकऱ्याचा पोर काय करतोय? शेजाऱ्यांची घड्याळं उघडून बघतोय!" मग त्या पोराची पहिली गाडी, ती शेडमध्ये बनवली आणि शेडच्या दारातून बाहेरच निघेना, म्हणून कुऱ्हाडीनं भिंत फोडली. इथे काका सोफ्यावरची उशी फोडून दाखवायचे. मग सगळ्या जगाला पुरेल अशी ती काळी गाडी, माणसांपुढून सरकत जाणारी लाइन, युद्धात गाड्या सोडून बनवलेली बॉम्बर विमानं. मालकाच्या मुलाचं नाव दिलेली गाडी सपशेल पडली, तो अध्याय काका बारशाला गेलेल्या माणसाला बाराव्याला बसावं लागल्यासारखे सांगायचे. पुढे घोड्याच्या नावाची ती देखणी गाडी आली की त्यांचा आवाज चढायचा. तोवर माझा चहा दोनदा गरम करून झालेला असायचा.

आणि एवढ्या मोठ्या इतिहासात काका स्वतः कुठे होते? तर दाराच्या रबरात. गाडीच्या दाराच्या कडेनं ती काळी रबरी पट्टी असते, पाणी आणि वारा आत येऊ नये म्हणून, ती काकांची. इंजिनवाल्यांचा ते मनापासून तिरस्कार करत. "इंजिन काय, कुणीही करेल! पण पाऊस पडतोय आणि तुमची मांडी कोरडी आहे, हे कुणामुळे? लक्षात आलं का?" 'लक्षात आलं का' हे त्यांचं पालुपद. आपण 'हो' म्हटल्याशिवाय गाडी पुढे सरकायची नाही.

हे सगळं गमतीचं होतं, पण त्याला एक टोक होतं, आणि ते मला कुलकर्ण्यांमुळे कळलं. कुलकर्णी म्हणजे काकांचा बारा वर्षांचा कॅरमचा भिडू. त्यानं जपानी गाडी घेतली आणि काकांनी त्याच्याशी बोलणं टाकलं. टाकलं म्हणजे टाकलंच. गणपतीला आला तर प्रसाद काकूंच्या हातून द्यायचा, स्वतः पाठ करून आरतीचं तबक पुसत बसायचं. मी म्हटलं, "काका, गाडीपायी माणूस तोडता?" तर म्हणाले, "मेधा, आमच्या लाइनवरची तीस वर्षं काम केलेली माणसं घरी बसलीत. त्यांच्या बायका किराणा मोजून घेतात. मी त्यांच्याबरोबर डबा खाल्लाय."

आणि एवढं सगळं ठाऊक असताना मी काय करावं? जपानी गाडी घेतली!

बाप्पा रे! ऑफिसमधला एक जण गाव सोडून चालला होता, अगदी किरकोळ किमतीत देऊन टाकत होता, आणि माझ्या खिशात तेवढेच होते. काका दोन आठवड्यांसाठी ओहायोतल्या फॅक्टरीत गेले होते. ते परत आले की शांतपणे सांगू असं ठरवलं. ते परत आले, दारातच म्हणाले, "मेधा, बघ तुझ्यासाठी काय आणलंय!" आणि घोड्याच्या नावाच्या त्या गाडीचं छोटं मॉडेल माझ्या हातात ठेवलं. आता कुठल्या तोंडानं सांगणार!

तेव्हापासून माझी गाडी पब्लिक लायब्ररीच्या मागच्या पार्किंगमध्ये राहायला लागली. घरापासून पंधरा मिनिटांची चाल. रोज सकाळी "लायब्ररीत जाते, तिथून ऑफिसची मैत्रीण राइड देते" असं सांगून मी निघायची. काका भारावून गेले. मंडळात जो भेटेल त्याला सांगायचे, "आमची मेधा! ऑफिसच्या आधी लायब्ररी, ऑफिसच्या नंतर लायब्ररी!" थाप निभवायची म्हणून मला खरोखरच पुस्तकं आणावी लागली. रात्री जेवताना काका परीक्षा घ्यायचे. त्या हिवाळ्यात मधमाशीपालन, नेपोलियन आणि पोटाचे विकार या तीन विषयांत मी चांगलीच तयार झाले.

काकूंना तिसऱ्याच दिवशी कळलं होतं. "अगं, लायब्ररी दहाला उघडते. तू सातला जाऊन काय पायऱ्या वाचतेस?" मी रडकुंडीला आले. काकूंनी एक शब्द रागाचा काढला नाही. गाडी कुठे आहे विचारलं, शाल पांघरली आणि म्हणाल्या, "चल, कोथिंबीर संपलीय." तेव्हापासून इंडियन ग्रोसरीच्या दुकानात आम्ही दोघी त्याच गाडीनं जायचो. "यांना सांगायचं केव्हा?" असं मी विचारलं की काकू म्हणायच्या, "वेळ आली की वेळच सांगते."

वेळ आली ती अशी. कंपनीतून निवृत्त झालेल्या आणि कमी केलेल्या कामगारांचा एक क्लब होता. दर महिन्याला एका शनिवारी सकाळी ते फॅक्टरीच्या कँटीनमध्ये जमायचे. वॉल्टर नावाचा म्हातारा फोरमन त्यांचा पुढारी. कंपनीत काकांना सगळे 'वॅस' म्हणत. वॉल्टरनं विचारलं, "वॅस, तू नेहमी जुन्या गाड्यांबद्दल बोलत असतोस. आमच्यासमोर बोलशील का? दहा वाजता, वीस मिनिटं."

काका घरी आले ते हवेतूनच. आम्ही ट्रॉयचे मराठी लोक हा इतिहास ऐकून ऐकून विटलो होतो, पण कंपनीत बावीस वर्षांत त्यांना कुणी एकदाही विचारलं नव्हतं. मीटिंगमध्ये रबराबद्दल बोल म्हणायचे, बास. जेवताना काका हळूच म्हणाले, "त्यांचाच इतिहास. पण त्यांना वाटावं ना, की यालाही तो सांगता येईल." मग तीन आठवडे तालीम. काका बोलायचे, मी स्लाइड सरकवायची, काकू कुकरवर वेळ लावायच्या. "अहो, आठ शिट्ट्या झाल्या, अजून तुमचे घोडेच चाललेत!"

आदल्या संध्याकाळी काकांच्या डोक्यात आलं की एवढ्या मोठ्या कार्याला निघायचं तर गाडीची पूजा हवी, आणि पूजा म्हटली की आधी अंघोळ. काकू म्हणाल्या, "अहो, बाहेर शून्याच्या खाली आहे!" काका म्हणाले, "देवाला आपण थंडीत पारोसा ठेवतो का?" चार बादल्या कढत पाण्यानं त्यांनी गाडी ड्राइव्हवेवर उभी करून धुतली. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, प्लॅस्टिकच्या झेंडूचा हार घातला, नारळ फोडला, आम्हाला खोबरं वाटलं. गराज जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांनी भरलेलं, त्यामुळे गाडी बाहेरच राहिली.

सकाळी नऊला सूट-टाय घालून काका बाहेर गेले. गाडी काचेच्या पेटीतल्या देवासारखी चमकत होती. काकांनी दार ओढलं. दार हलेना. दुसरं ओढलं, तिसरं, चौथं. चारी दारं गोठून चिकटली होती. काकूंनी धावत किटली आणून गरम पाणी ओतलं, ते बघता बघता गोठलं आणि रबरी पट्टी आणखी पक्की चिकटली. मी हेअर ड्रायर आणला, त्याची वायर पोचेना. आणि काका, सांगते ते खरं वाटणार नाही, पाय गाडीला लावून दार ओढता ओढता म्हणाले, "रबर बघ! काय धरलंय! सोडतंय का बघ!"

साडेनऊ झाले. फॅक्टरी पंचवीस मिनिटांवर. वॉल्टरच्या घरी फोन कुणी उचलेना. काका पायरीवर बसले, मांडीवर स्लाइडचा डबा. म्हणाले, "जाऊ दे. दोष गाडीचा नाही, माझा. बावीस वर्षं नाही सांगितलं, आता नाही सांगितलं तर काय बिघडलं." आणि चष्मा काढून पुसायला लागले. चष्म्यावर काही नव्हतं.

मी काकूंकडे पाहिलं. काकू म्हणाल्या, "पळ."

पंधरा मिनिटांची वाट मी त्या बर्फातून सहा मिनिटांत धावले, दोनदा आपटले. गाडीनं एका झटक्यात स्टार्ट घेतला, तेव्हा तिचाही राग आला. ड्राइव्हवेसमोर थांबवून उतरले आणि एका दमात ओरडले, "काका, ही माझी आहे, चार महिने झाले, लायब्ररी खोटी, नेपोलियन खोटा, मला घराबाहेर काढा पण आधी बसा!"

काका गाडीकडे बघत राहिले. मग माझ्याकडे. मग घड्याळाकडे. आणि मागच्या सीटवर जाऊन बसले. काकू पुढे बसल्या, सवयीनं सीट मागे सरकवली, समोरचा कप्पा उघडला आणि आपली बडीशेपेची डबी काढली. मागून नुसता एक सुस्कारा आला. मी आरशात बघितलं तर काका दाराच्या कडेनं बोट फिरवत रबर चाचपत होते.

फॅक्टरीच्या गेटवर पाटी होती, परदेशी गाड्यांना आत जागा नाही. काकांनी मफलर नाकापर्यंत ओढला. चौकीदार वाकून म्हणाला, "मॉर्निंग, वॅस." आणि हात लांब केला, पार रस्त्यापलीकडच्या बंद पडलेल्या हॅम्बर्गरच्या दुकानाकडे. तिथून आम्ही तिघं चालत गेलो. काका डबा घेऊन पुढे, नऊवारीचा बोंगा सावरावा तशी साडी वर खोचून स्नोबूट घातलेल्या काकू मध्ये, आणि प्रोजेक्टर घेऊन मी मागे.

कँटीनमध्ये तीस-पस्तीस म्हातारे बसले होते. काका उभे राहिले आणि इंग्रजीत, पण अगदी त्याच कीर्तनी सुरात सुरू झाले. "तो काळ कसा होता? घोड्यांचा!" पहिल्यांदा सगळे चमकले. उशी नव्हती म्हणून काकांनी डोनटचं खोकं फोडून शेडची भिंत पाडली, तेव्हा टाळ्या पडल्या. मग कुणी उठून सांगायला लागलं, "माझा बाप होता त्या लाइनवर!" कुणी म्हणालं, "ती पडलेली गाडी माझ्याकडे अजून आहे!" वीस मिनिटांचे दीड तास झाले आणि घड्याळाकडे कुणी पाहिलं नाही. काकांच्या तोंडावर जो उजेड होता तो मी परत कधी कुणाच्या पाहिला नाही.

सगळं संपल्यावर वॉल्टर काकांचा खांदा थोपटत मोठ्यानं म्हणाला, "वॅस, तुझी गाडी लॉटमध्ये दिसली नाही. आलास कशानं?"

ही तीच माणसं होती, घरी बसलेली. मी जमिनीकडे बघत होते. मनातून म्हणत होते, सांगा हो काका, काहीही सांगा, कुलकर्ण्यानं सोडलं म्हणा, बसनं आलो म्हणा.

"जपानी गाडीनं," काका म्हणाले.

कुणीतरी कप खाली ठेवला. वॉल्टरनं हळू विचारलं, "कुणाच्या?"

"माझ्या मुलीच्या," काका म्हणाले.

वॉल्टर काकांना बावीस वर्षं ओळखत होता. त्यांना मूल नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्यानं काकांकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग पदर तोंडाला लावून उभ्या असलेल्या काकूंकडे. फुटलेल्या खोक्यातून एक डोनट काढून त्यानं माझ्या हातात दिला आणि दरडावून म्हणाला, "पुढच्या वेळी बापाचं ऐकत जा, पोरी!"

सगळे हसले. काका तर सगळ्यांत मोठ्यानं. माझ्या तोंडात अर्धा डोनट होता, आणि रडूही आवरेना, त्यामुळे मी नुसती मान हलवली. 'हो बाबा' म्हणायचं तेव्हा राहून गेलं.