वाचून दाखवा, मग सही

आधी हौसाआत्यांचं नाव लिहिते. मागून लिहायला गेले तर राहून जाईल आणि सगळं माझ्याबद्दलच होऊन बसेल. चाकणजवळच्या एका गावात त्यांच्या घराच्या मागच्या खोलीत आम्ही भाड्यानं राहतो. नात्याच्या नाहीत. त्या इथल्या जुन्या शेतकरी घरातल्या, मी परभणीकडची. त्यांनी मला एक वाक्य दिलं आणि एक गाळा दिला. त्यावर मी आज उभी आहे.

आता काय झालं ते.

सकाळची शिफ्ट. काम सुरू व्हायच्या आधी लाइनवर पाच मिनिटांची मीटिंग असते, उभ्यानंच. आम्ही चाळीस बायका, निळे ॲप्रन, डोक्याला जाळीच्या टोप्या. इंजिनिअर साहेब आले. वय माझ्या भाच्याएवढं. हातात एक हार्नेस. हार्नेस म्हणजे गाडीतल्या सगळ्या वायरींचा जुडगा. तो बांधायचं आमचं काम. बारा वर्षं मी तेच करत होते.

"ही कुणाची करामत?"

जुडग्यावर माझ्या टेबलाचा नंबर होता. मी हात वर केला.

"या मावशी, पुढं या. दर्शन द्या सगळ्यांना."

गेले. माल जिथं जातो त्या गाडीवाल्यांकडून तो जुडगा परत आला होता. दोन वायरी एकमेकींच्या जागी गेल्या होत्या. साहेबांनी खिशातून लाल स्टिकर काढलं. त्यावर इंग्रजीत दोन अक्षरं. एनजी. खराब मालावर लावतात ते.

"लाव. स्वतःच लाव. मी हात लावला तर तुम्ही बायका कंप्लेंट करणार."

मी लावलं. ॲप्रनवर, ओळखपत्राच्या शेजारी.

"शिफ्ट संपेपर्यंत काढायचं नाही. कळू दे सगळ्यांना, रिजेक्शन कुठून येतं."

मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. मग सगळ्या आपापल्या टेबलाला लागल्या. मीही लागले. हात चालत होते. हाताला लाज नसते, बरं असतं.

दुपारी कँटीनमध्ये स्टिकरचा एक कोपरा सुटला. लोंबायला लागलं. साहेब तिथं नव्हते. कुणी बघतही नव्हतं. आणि मी ते अंगठ्यानं दाबून परत चिकटवलं. दोनदा. पडलं तर म्हणतील, हिनं काढलं.

साहेबांचं मी एक वेळ विसरेन. माझा तो अंगठा मला विसरता येत नाही.

चूक माझी होती का? होती. त्या वायरी मीच घातल्या. पण नव्या मॉडेलात त्यांच्या जागा बदलल्या होत्या आणि ते मला कुणी सांगितलं नव्हतं. टेबलासमोर एक कागद चिकटवला होता, इंग्रजीत. मी पाचवीत शाळा सोडली. मराठी बोट ठेवून वाचते. इंग्रजी म्हणजे माझ्यासाठी नक्षी.

"ट्रेनिंग दिलंय तुला," साहेब म्हणाले होते. "सही आहे ना तुझी?"

सही होती. आमच्याकडं ट्रेनिंग म्हणजे एक कागद. चहाच्या सुट्टीत तो फिरायचा. एक हात चहात, एक पेनात. "पाठ दे गं," म्हणायचं, पुढचीच्या पाठीवर कागद ठेवायचा आणि सही करायची. मग आपण वाकायचं, मागचीनं करायची. चाळीस पाठी, चाळीस सह्या. वर काय लिहिलंय, कुणी विचारायचं नाही. विचारलं तर चहा गार. बारा वर्षांत मी अशा किती कागदांवर सांगून बसले असेन, की मला सगळं समजावून सांगितलंय आणि मला ते समजलंय.

त्या संध्याकाळी हौसाआत्या ओट्यावर लसूण सोलत बसल्या होत्या. ॲप्रन माझ्या हातात, स्टिकर तसंच.

"ह्ये काय गं लाल?"

मी सांगितलं. रडले नाही, इतका थकवा होता. त्या लसूण सोलायच्या थांबल्या.

"तू वाचलं व्हतं, सही करायच्या आदी?"

"नाही, आत्या."

"मी बी न्हाई. वरचं रान गेलं त्या टायमाला पोरं म्हनली, आये, हितं अंगठा लाव. लावला. दुसऱ्या दिवशी माती उकराया पोकलेन आला रानात. तवा कळलं, कशावर लावला ते." परत लसूण हातात घेतला. "आता कुनी कागद म्होरं केला ना पोरी, तर म्हनायचं, वाचून दाखवा. मग सही. न्हाई कळलं तर पुन्ना वाचा म्हनायचं. लाजायचं न्हाई."

हे ते वाक्य.

चार दिवसांनी ऑफिसात बोलावलं. एसीनं अंग काकडलं. तिथल्या मॅडमनी इंग्रजी कागद पुढं केला, पेनाचं टोपणही काढून दिलं. "इथं सही करा मावशी, आणि इथं."

मी पेन घेतलं. सवयीनं. टोक कागदाला लागलंही. निळा ठिपका उमटला. आणि तिथं हात थांबला.

"वाचून दाखवा."

"नेहमीचाच कागद आहे."

"मराठीत सांगा. मग सही."

साहेब शेजारच्या खुर्चीत होते. हसले. "आता मावशी वकील झाल्या."

मी पेन हातात धरून बसून राहिले. मॅडमनी कंटाळून वाचलं. मी माझ्या स्वतःच्या इच्छेने नोकरी सोडत आहे. झालेली चूक मला मान्य आहे. माझी कुणाविरुद्ध तक्रार नाही.

"पुन्हा वाचा," मी म्हणाले.

त्यांनी वाचलं.

"माझी इच्छा नाही," मी म्हणाले. "तुम्हाला काढायचंय तर काढा. पण माझी इच्छा म्हणून लिहू नका." पेनाला टोपण लावलं, टेबलावर ठेवलं आणि उठले.

मला काही मिळालं नाही ह्यातून. तिसऱ्या दिवशी गेटवर कार्ड लावलं तर दिवा लाल. पुन्हा लावलं. लाल. वॉचमन ओळखीचा होता, तो खाली बघत म्हणाला, "ताई, बाजूला व्हा, मागं लाइन आहे." नवरा हिंजवडीला गेटवर बारा तासांची ड्यूटी करतो. तो एवढंच बोलला, "करून टाकायची होती सही. आपलं काय जाणार होतं?" चूक नव्हतं त्याचंही. सही केली असती तर अनुभवाचं पत्र मिळालं असतं. त्रेचाळीस वय. दुसऱ्या कंपन्यांच्या गेटवर गेले, सगळीकडं तिशीच्या आतल्या पोरी हव्या होत्या.

अडीच महिने घरात बसले. मग आत्यांच्या पुतण्याचा टेम्पो बिघडला. डावीकडचा इंडिकेटर लावला की हॉर्न वाजायचा. गावात चेष्टा चाललेली, "भावा, तुझा टेम्पो वळताना बोंबलतो!" दोन मिस्त्री हात टेकून गेले. मी ओट्यावरून बघत होते. आत्या म्हणाल्या, "बघतीस काय? तुझंच काम हाय न्हवं त्ये?"

डॅशबोर्ड उघडला. आत जुडगा. माझा हात आपोआप गेला. आधीच्या एका दुरुस्तीत कुण्या मिस्त्रीनं जोडताना दोन वायरी एकमेकींच्या जागी घातल्या होत्या. मी जिच्यासाठी लाल स्टिकर लावलं, तीच चूक. त्याला कुणी काही लावलं नव्हतं. तो चहा पिऊन गेला होता.

दुसऱ्या दिवशी आत्यांनी रस्त्याकडचा गाळा मोकळा केला. पेंडीची पोती, जुना नांगर, सगळं बाहेर. पोरं कुरकुरली. आत्या म्हणाल्या, "रान गेलं तवा मला इचारलं न्हवतं. आता मी बी इचारत न्हाई."

दोन वर्षं झाली. टेम्पो, रिक्षा, आता बॅटरीच्या गाड्याही येतात. अजूनही गिऱ्हाईक विचारतं, "ताई, मिस्त्री कुठं गेले?" मी म्हणते, समोर बसलेत. काही जण हसतात, काही गाडी वळवून नेतात. गुडघे दुखतात, चष्मा लागला. सुरुवात नवी असली तरी अंग जुनंच आहे. रोज सकाळी शटर उघडताना वाटतं, आज कुणी आलंच नाही तर?

गाडीचे नकाशे इंग्रजीत असतात, म्हणून अक्षरं शिकतेय. दिवसाला तीन शब्द, कॅलेंडरच्या मागच्या बाजूला लिहून. परवा एनजीचा अर्थ कळला. नॉट गुड. मला वाटायचं काहीतरी मोठं असेल, कायद्यातलं. चांगलं नाही, एवढंच. एवढ्याशा शब्दाला मी दोनदा दाबून चिकटवलं.

आत्यांच्या ट्रंकेत रानाचा कागद आहे, अंगठ्याच्या निळ्या ठशाचा. मागच्या पोळ्याला त्यांनी तो माझ्यापुढं धरला. मराठीतच आहे. मी बोट ठेवून वाचायला लागले आणि तिसऱ्या ओळीत अडकले. कुलमुखत्यार. पुढं आणखी अवघड. आत्या वाट बघत होत्या. पोरांनी त्यांना आजवर तो वाचून दाखवला नाही. म्हणतात, झालं गेलं, आता काय करायचंय?

मी कागद परत दिला आणि म्हणाले, "आत्या, अजून येत नाही मला. येईल."

"मी हाय तवर येऊ दे," त्या म्हणाल्या.

येईल. पहिल्या ओळीपासून अंगठ्यापर्यंत मी तो त्यांना वाचून दाखवीन, त्यांच्या ओट्यावर, त्यांच्या पोरांसमोर, मोठ्यानं. न कळलेली ओळ पुन्हा वाचीन. तोवर माझी सही कुणालाही फुकट मिळणार नाही. आणि माझी पाठ आता कुणाच्या कागदासाठी वाकणार नाही.