खिडकीवरची कोपराची जागा

वहिनीच्या रोपवाटिकेसाठी जुनी पिकअप बघायला आम्ही दोघं गेलो होतो. विकणाऱ्याच्या आवारात दोन उभ्या होत्या. एक कमी चाललेली, पण महाग. ती घेतली असती तर यंदा कलमं भरायला पैसेच उरले नसते. दुसरी स्वस्त, पण मीटरवर किलोमीटर भरमसाट. मेस्त्रीने इंजिन तपासून ठीक म्हटलं होतं, तरी मी म्हणालो, "वहिनी, एवढी पळालेली गाडी टिकेल का?"

ती दाराकडे बघत होती. ड्रायव्हरच्या खिडकीच्या कडेवर, कोपर टेकतो तिथला रंग उडून पत्रा गुळगुळीत झाला होता.

"भावजी, हिला घाईत नाही चालवलेलं कुणी," ती म्हणाली. "घाईतला माणूस असा टेकून बसत नाही."

मला ते पटलं, निदान पटावंसं वाटलं. गाडी किती चालली ते मीटर सांगतो; कशी चालली ते असं कुठेतरी उमटून राहतं. काही माणसं फारशी कुठे न जाताच दमलेली दिसतात. काही जन्मभर वणवण करूनही संध्याकाळी ओट्यावर पाय हलवत मजेत बसतात.

स्वस्तातली घेतली. परतताना वहिनीच चालवत होती. घाटाच्या चढावर तिने दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरलं होतं. माथा ओलांडला, पुढे सरळ रस्ता लागला, आणि तिचा उजवा कोपर आपसूक खिडकीवर गेला, त्या रंग उडालेल्या जागी.