छत्तीस तासांचं माहेर

"माझं माहेर छत्तीस तासांचं आहे," रजनी एकदा शेजारच्या बायडाबाईला म्हणाली होती.

बायडाबाई धुळ्याकडची, नवरा मसाटच्या कारखान्यात. तिला वाटलं, कोकणात अशी काही रीत असेल. रीतच होती, पण ती घड्याळाने घातलेली.

रजनीचा नवरा सदाशिव सर्व्हे खात्यात कारकून, सिल्वासात टोकरखाड्याला सरकारी क्वार्टर. त्याला जुन्या मनगटी घड्याळांचा नाद. पोर्तुगीज अमलात हुद्द्यावर असलेली माणसं वारली, त्यांच्या मुलांनी बॅटरीची घड्याळं बांधली, आणि दमण-सिल्वासातल्या कपाटांमधून ही यंत्रं एकेक करून सदाशिवकडे आली. एक गजर देणारं. एक नाडी मोजायला डॉक्टर वापरत ते. एकात चंद्र कलेकलेने वाढे. आणि चौऱ्याऐंशीच्या पावसाळ्यात आलेलं ते स्विस घड्याळ: तीस-एकतीसचे महिने ओळखणारं, लीप वर्षाचा फेब्रुवारीसुद्धा आपला आपण जाणणारं. मात्र ते एकदा बंद पडलं की वार, तारीख, महिना, वर्ष सगळं पुन्हा जुळवायला लागे. ते जमणारा दमणचा म्हातारा घड्याळजी वर्षभरातच गेला होता.

पूर्ण चावी दिली की ते छत्तीस तास चाले. चावी रजनी देई. सदाशिवला प्रत्येक घड्याळाचा इतिहास तोंडपाठ. पाहुणे आले की मखमलीवर मांडून तो तासभर बोले. पण चावी हे रोजचं काम, आणि रोजची कामं रजनीची. पाणी भरणं, चहा, सातला चावी. यावर वाद घालता येतो, हेच तिला फार उशिरा सुचलं.

लांज्याला माहेरी जायला पंधरा तास, यायला पंधरा. मध्ये उरत सहा. त्यात आई तिला जेवायला वाढी आणि समोर बसून नुसती बघत राही. "घड्याळ बरोबर नेते," असं रजनी एकदा म्हणाली, तर सदाशिव हादरलाच. "एसटीच्या धक्क्यांत? अगं, नाजूक वस्तू आहे ती!" मुलीला, प्राजक्ताला, सहा महिन्यांची असताना तिने त्याच एसटीतून नेलं होतं.

शहाण्णव साली अठ्ठावीस फेब्रुवारीच्या सकाळी वरच्या मजल्यावर तिच्यासाठी फोन आला. भाऊ अनंत बोलत होता. "आईचं काही खरं नाही, ताई. डोळे उघडले की तुला विचारते. या वेळी राहायला ये."

सदाशिव दाढी करत होता.

"परवा जा ना. उद्या एकोणतीस. चार वर्षांनी एकदा दिसते ती तारीख घड्याळात."

"आई थांबायची नाही, अहो."

"मी कुठे नको म्हणतोय? आत्ता नीघ. उद्या संध्याकाळी ये परत."

"या वेळी राहणार आहे मी."

"मग घड्याळाचं काय?"

विरजण मागायला बायडाबाई दारात आली होती. तिने सगळं ऐकलं. "काय वो भाऊ, घड्याळ बाळंतीण शे का? तुमीच द्या ना चावी!"

सदाशिव हसला, भाकरी थापायला सांगितल्यासारखा.

रजनी आत गेली. एरवी पिशवीत एक साडी जाई. आज तिने चार भरल्या. सात वाजून गेले. तिचा अंगठा आणि तर्जनी आपोआप एकमेकांवर फिरत होती. तिने ती मुठीत दाबून धरली. आयुष्याची बारा वर्षं त्या दोन बोटांच्या चिमटीत राहिली होती, आणि तिथे वाराही लागत नव्हता.

ती बाहेर आली तेव्हा सदाशिव तळहातावर घड्याळ घेऊन उभा होता. अर्ध्या चेहऱ्यावर साबण तसाच. चावीला बोट लावी आणि काढून घेई.

"जास्त फिरवली तर आतली स्प्रिंग तुटेल गं. किती वेढे द्यायचे असतात? वीस? तीस?"

रजनीने चपला घातल्या.

"अगं, आकडा तरी सांगून जा!"

पिशवी उचलून ती जिना उतरली.