फ्लॉपीची दुसरी बाजू

बाईंनी तीस वर्षं कॉलेजच्या इलेक्ट्रॉनिक्स प्रयोगशाळेत मुलांच्या चुका काढल्या आणि निवृत्त झाल्यावर ते काम घरी आणलं. सध्या नंबर लेकीचा होता. ती चार महिन्यांच्या बाळाला घेऊन माहेरी आली होती आणि प्रत्येक वेळी पाजण्याआधी अन् पाजल्यावर बाळाला वजनकाट्यावर ठेवायची.

"तुझ्या वेळी आम्ही असलं काही केलं नाही," बाई हसायच्या. "वाढलीस ना मजेत?"

तिसऱ्या आठवड्यात लेकीने बॅग काढली. "उद्या जाते मी. तिथे निदान कुणी हसत तरी नाही."

तिने जावं असं बाईंना मुळीच वाटत नव्हतं. पण माफी मागणं त्यांना कधी जमलं नव्हतं, सोल्डरिंग जमायचं. नखाएवढ्या चिपवर त्यांनी आपल्या जुन्या कॉम्प्युटरची नक्कल बसवली होती. लेक लहान असताना तिच्यासाठी लिहिलेला सशाचा खेळ त्यावर चालवून दाखवला तर ती नक्की विरघळेल, असा हिशेब. त्यांनी माळ्यावरची फ्लॉपी काढली, जुन्या ड्राइव्हला लावून तिची जशीच्या तशी प्रत, म्हणजे डिस्क इमेज, लॅपटॉपवर घेतली आणि बारीक वायरीतून ती चिपकडे पाठवायला सुरुवात केली.

"टेबलाला हात लावू नका हं!" बाईंनी नवऱ्याला बजावलं.

"चष्मा शोधतोय," म्हणत नवऱ्याने टेबल हलवलं. सत्तर टक्क्यांवर वायर निसटली.

"डोक्यावर आहे तुमच्या!"

"मग आधी नाही का सांगायचं?"

पुन्हा पहिल्यापासून. या वेळी नवऱ्याला खुर्चीत बसवून त्याच्या मांडीवर बाळ दिलं, म्हणजे दोघंही हलणार नाहीत. शंभर टक्के झाले. बाईंनी लेकीला हाक मारली आणि बटण दाबलं.

पडद्यावर ससा आलाच नाही. आला तारखा-वेळांचा एक लांबलचक तक्ता.

त्या काळी फ्लॉपी महाग, म्हणून बाईंनी तिच्या कडेला कात्रीने खाच पाडून मागची बाजूही वापरली होती. आज ड्राइव्हमध्ये फ्लॉपी उलटी गेली होती.

"दहा वाजता एक शिंक," लेक वाचू लागली. "दहा वाजून दहा मिनिटं, शिंक नाही. दहा वीस, शिंक नाही. डाव्या कुशीवर. दहा तीस..." ती थांबली. "आई, हे माझं आहे?"

"प्रोग्रॅम तपासत होते मी."

"अकरा महिने?"

"मोठा प्रोग्रॅम होता," खुर्चीतून नवरा म्हणाला. बाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो बाळाशी बोलू लागला.

लेक हसत सुटली, मग डोळे पुसत आईच्या खांद्याला टेकली. "आणि माझ्या वजनकाट्याला हसत होतीस!"

"घाबरले होते गं तेव्हा," बाई हळूच म्हणाल्या. "आता तूही तशीच घाबरलेली दिसलीस की वाटायचं, आपल्या दोघींना कोण सांभाळणार, म्हणून हसायचे."

तेवढ्यात बाळ शिंकलं.

दोघींनी एकदमच घड्याळाकडे पाहिलं. लेकीने बॅग पायाने पलंगाखाली सरकवली आणि कीबोर्ड जवळ ओढला.