पोरीच्या कमाईची पंगत

बँकेत मी पेढे घेऊन गेले होते. आता सांगतानाही कानशिलं तापतात. शेवटची रक्कम भरायची, खातं शून्यावर आणायचं, आत्याची ठेव मोकळी करून घ्यायची आणि काउंटरवरच्या साहेबांच्या हातावर पेढा ठेवायचा, असा माझा बेत होता. साहेबांनी खातं उघडलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा स्क्रीनकडे पाहिलं आणि म्हणाले, "मॅडम, एवढ्यानं काय होणार? खातं तर तळाला गेलंय."

मी हसले. खरंच हसले. "नीट बघा, दुसऱ्या कुणाचं उघडलं असेल."

त्यांनी स्क्रीनच माझ्याकडे वळवली. नाव माझं. आकड्याच्या आधी वजाचं चिन्ह. आणि आकडा जवळजवळ तेवढाच, जेवढा मी पदवी घेऊन बाहेर पडले तेव्हा होता. पेढ्यांचा पुडा काउंटरवर तसाच राहिला.

हे खातं साधं नव्हतं. नांदेडला शिकायला गेले तेव्हा बाबा आमच्या गावाहून, गोरेगावहून, सेनगाव-हिंगोली प्रवासी जीप चालवायचे, अजूनही चालवतात. जीपवर घर भागायचं, हॉस्टेल भागत नव्हतं. तेव्हा आत्या पुढे आली. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. नरसीला देवळाच्या वाटेवर, भाड्याच्या गाळ्यात तिचं नारळ-साखरफुटाण्यांचं दुकान. नवरा गेल्यावर त्याच्या नोकरीचे जे पैसे मिळाले, ते तिने बँकेत मुदत ठेवीत टाकले होते. त्या ठेवीच्या तारणावर बँकेने मला ओव्हरड्राफ्ट दिला. म्हणजे खात्यात पैसे नसतानाही ठरलेल्या मर्यादेपर्यंत काढायचे आणि शिक्षण संपल्यावर वर्षभरात व्याजासकट भरायचे. नाही भरले तर बँक आत्याच्या ठेवीतून वळते करून घेणार. इकडे गाळ्याचा मालक गाळा विकायला निघाला होता. आत्यासाठी दिवाळीपर्यंत थांबतो, असा शब्द त्याने दिला होता. ठेव मोकळी झाली तर गाळा आत्याचा, नाही तर आत्या रस्त्यावर.

म्हणून मी वर्षभर जिवाचं रान केलं. हिंगोलीत हळदीच्या एका व्यापाऱ्याकडे हिशेब लिहायची नोकरी धरली. पगार दुसऱ्या बँकेत यायचा, त्यातला मोठा वाटा आला तसा या खात्यात ढकलायचे. दोन ड्रेसवर वर्ष काढलं. आणि आता हे.

मी साहेबांवर चढलेच. "आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय! मी भरतेय आणि काढतंय कोण? तुमची बँक आहे की धर्मशाळा?" रांगेतले लोक बघायला लागले. साहेब शांत होते. त्यांनी सांगितलं, पैसे कार्डानेच निघालेत, गेल्या महिन्यात, बारशीच्या म्हणजे द्वादशीच्या आधी, सलग काही दिवस, जीप स्टँडजवळच्या एटीएममधून.

जीप स्टँड म्हणजे बाबांची रोजची जागा.

ते कार्ड घरी कपाटात असायचं. त्याचा नंबर म्हणजे माझ्या जन्माचं साल, तो आमच्या घरात सगळ्यांना पाठ. आणि बारशीला काय होतं? बारशीला नरसीला आमची पंगत होती! पोरगी नोकरीला लागावी म्हणून बाबा नवस बोलले होते. वरण, बट्ट्या, वांग्याची भाजी, बुंदी. अर्धं गोरेगाव जेवून गेलं. बाबा खांद्यावर उपरणं टाकून पंक्तीतून फिरत होते, "पोरीच्या कमाईची पंगत हाय, पोटभर जेवा" म्हणत होते. मला वाटलं, बाप आहे, कौतुकाने बोलतोय. मी लाजले आणि आणखी बुंदी वाढून घेतली.

मी तशीच स्टँडवर गेले. बाबा बॉनेटला टेकून शीट, म्हणजे प्रवासी, भरायची वाट बघत होते. मला बघून हसले.

"बाबा, खात्यातले पैसे तुम्ही काढले?"

"मंग? नवसच तसा बोललो व्हतो, बाई. पोरीच्या कमाईतून गाव जेवू घालीन म्हनून. माझ्या पैशानं कसा फिटंल? आन् तुला सांगून काहून करायचं? तुझं कवतिक तुलाच इचारून?"

"अहो पण माझी कमाई होती कुठे त्यात?"

बाबांनी मोबाईल काढला. खातं उघडताना माझ्याकडे मोबाईल नव्हता म्हणून त्यांचाच नंबर दिलेला. बँकेचे मेसेज इंग्रजीत, पण आकडा काय, तो कुणालाही वाचता येतो. प्रत्येक मेसेजच्या शेवटी उपलब्ध रक्कम. "हे बघ. दर महिन्याला वाढून राहिले व्हते. मी कोनालाच बोललो न्हाई. म्हनलं, माझी लेक गुपचूप पैसा साठवून राहिली."

पण तो आकडा म्हणजे शिल्लक नव्हती. अजून किती उधार उचलता येईल, त्याचा तो आकडा होता. मी भरत गेले तशी उधारीची जागा मोकळी होत गेली, आणि बाबांची छाती फुगत गेली. हे त्यांना सांगताना माझा आवाज इतका चढला की बाजूच्या जीपवाल्याने गाणं बंद केलं. बाबांना दोनदा समजावावं लागलं. मग ते जीपच्या पायरीवर बसले. "म्हंजे अक्काचे पैसे गेले?" एवढंच विचारलं. बापाचा चेहरा असा पांढरा पडलेला मी कधी पाहिला नव्हता, आणि माझा राग जायला जागाच उरली नाही.

मुदत महिनाअखेर संपत होती. तेवढे पैसे आमच्याकडे कुठून येणार? आत्याला सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. बाबांनी शीट न घेताच जीप नरसीकडे काढली.

आत्या नारळांच्या शेंड्या सोलत होती. मी सगळं सांगितलं, भरभर, मध्ये थांबले तर रडू येईल म्हणून. बाबा म्हणाले, "अक्का, जीप इकतो. आजच गिऱ्हाईक बघतो."

"आन् मंग खाशील काय? माती?" आत्याने हातातला नारळ खाली ठेवला. गाळ्याच्या पत्र्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता ही ऊर बडवून घेणार. घ्यावाच, असंही वाटलं. तिने विचारलं, "बँक पैसे माझ्या ठेवीतून कापनार ना?"

"व्हय," बाबा म्हणाले.

"मंग पंगत कोनाच्या पैशानं झाली?"

उत्तरही तिनेच दिलं.

"माझ्याच ना! मीबी बोलले व्हते नवस, ही शिकून कामाला लागली की गाव जेवू घालीन म्हनून. पैशाअभावी जमत न्हव्हतं. झालं आता. माझा फिटला." मग बाबांकडे बोट करून, "तुझा न्हाई फिटला. तू पोरीच्या कमाईचा बोललाय. तुझा बाकी हाय."

बाबांनी आ वासला. मीही. अशी बाई मी जन्मात पाहिली नव्हती, आणि जन्मभर पाहत आले होते.

"आत्या, मी फेडीन," मी म्हणाले. "दर महिन्याला आणून देईन. सगळे."

"अगं माय, नवसाचा पैसा परत घेत असत्यात व्हय? घेतला की नवस मोडला." तिने पुन्हा शेंडी सोलायला घेतली. तिच्याशी वाद घालायला मी एम.कॉम.पर्यंत जे काही शिकले होते, त्यातलं एक अक्षर कामाला आलं नाही.

महिनाअखेरीला बँकेने ठेव मोडली. खातं शून्यावर आलं, बंद झालं. दिवाळीनंतर गाळा दुसऱ्याने घेतला. तिथे आता मोबाईलची कव्हरं मिळतात. आत्या समोरच्या बाजूला, रस्त्याकडेला छत्रीखाली बसते. पगार झाला की मी पाकीट घेऊन जाते, ती ते माझ्याच पर्समध्ये परत कोंबते. गेल्या वेळी मी चिडले. म्हणाले, मग मी या पैशांचं करू काय?

"बापाचा नवस फेड," ती म्हणाली. "पोरीच्या कमाईचा हाय ना? मंग तुझ्याबिगर कोन फेडनार? आन् मला पयल्या पंक्तीत बसव. मागच्या पंगतीला मी दुकान सोडून आलेच न्हाई."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की आत्या त्या दिवशी जेवलीच नव्हती. तिच्याच पैशाच्या पंगतीत अर्धं गाव जेवून गेलं, आणि तिला एक बट्टी नेऊन द्यावी, हे आमच्यापैकी कुणालाही सुचलं नव्हतं.