हिरव्या पातळातल्या काकू

हसू नका बरं का, पण मी एकदा चक्क नवरीच्या आईला बँकेत कोंडून गावाला निघालो होतो!

बी.कॉम. होऊन रत्नागिरीतल्या एका बँकेत चिकटल्याला मला जेमतेम तीन महिने झाले होते. कॉम्प्युटर वगैरे कुठला तेव्हा? उशीएवढी जाड लेजरं, आणि त्यांच्यामागे आम्ही. दिवसभर खुर्चीत बसणं म्हणजे मला शिक्षाच! पाय हलतोय, पेन टकटकतंय, दर दहा मिनिटांनी मी पाणी प्यायला. हेड कॅशियर तात्या वैतागून म्हणायचे, "तुझ्या खुर्चीला खिळे आहेत काय रे?"

त्यात तो शनिवार. अर्धा दिवस. एकची दापोली गाडी पकडून आंजर्ल्याला घर गाठायचं होतं. ती चुकली की रविवार बुडाला! मॅनेजरसाहेब मिरजोळ्याला कुठलासा कारखाना बघायला गेलेले, म्हणून लॉकरचं काम माझ्या गळ्यात.

बाराला पाच कमी असताना शेट्येकाकू आल्या. संध्याकाळी मुलीचा साखरपुडा, दागिने न्यायचे होते. लॉकर उघडून दिला आणि बाहेर येरझाऱ्या घालायला लागलो. सव्वाबारा झाले, साडेबारा झाले, बाई बाहेर येईनात! तेवढ्यात फोन वाजला. मी धावलो, बोललो, परत आलो. दारातूनच ओरडलो, "आत कोणी आहे का?" उत्तराची वाट बघतो कोण? गेल्या वाटतं! ते जाड लोखंडी दार ओढलं, कुलूप लावलं, पिशवी उचलली आणि सुटलो.

गाडीत खिडकीची जागा मिळाली. काय आनंद! इतक्यात खाली शेट्येकाका दिसले. घामाघूम, टोपी हातात, प्रत्येक गाडीत डोकावतायत.

"अहो, आमची ही बँकेत आली होती ना?"

"आल्या होत्या. गेल्या की केव्हाच!"

"जाताना पाहिलंत तुम्ही?"

आता इथे खरं बोलायला काय झालं होतं मला? पण नाही! "पाहिलं म्हणजे काय! हिरवं पातळ, हातात पिशवी, सरळ स्टँडकडे आल्या."

काका मटकन बाकावर बसले. "म्हणजे गेली! सकाळी भांडलो हो मी. म्हटलं, तुझ्या माहेरची एवढी माणसं कशाला? गेली माहेरी, लांज्याला, दागिन्यांसकट! पाचाला पाहुणे येतायत. काय सांगू त्यांना?" आणि डोळे पुसायला लागले.

मला राहवेना. उतरलो. चौकशीच्या खिडकीत मीच विचारलं, "लांज्याच्या गाडीत हिरव्या पातळातल्या बाई चढल्या का हो?"

"तीन चढल्या. कुठली पाहिजे?"

काका आणखीच रडवेले! त्यांना रुमाल द्यावा म्हणून खिशात हात घातला, तर हाताला काय लागावं? लॉकरच्या खोलीची किल्ली! आणि आठवलं, जाताना वहीत करायची सही काकूंनी केलीच नव्हती.

"काका, पळा!"

मागे दापोली गाडी सुटली. बघायला वेळ कुणाला होता!

बँकेत तात्या अजून वह्या आवरत होते. "अरे, शेजारी सुतारकाम काढलंय वाटतं. केव्हापासून ठोकतायत मेले!"

दार उघडलं. काकू स्टुलावर, सगळे दागिने अंगावर घालून बसलेल्या. "कोणी आहे का विचारलंत, आणि मी 'आहे' म्हणेपर्यंत कुलूप? चोर आला तरी चालेल, पण दार उघडा, असं म्हणायची वेळ आणलीत!"

"अगो, तू लांज्याला गेली नाहीस?" काका दारातूनच ओरडले. "हे म्हणाले, हिरव्या पातळात..."

काकूंनी आपल्या जांभळ्या पातळाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग नवऱ्याकडे.

"यांनी बघितलं नाही ते ठीक. तुम्ही तर सकाळी तासभर समोर उभं राहून भांडलात!"

दोन पुरुष, दोघांच्याही माना खाली.

गाडी गेलेली, त्यामुळे साखरपुड्याला मलाही ओढून नेलं. काका काकूंच्या माहेरच्या मंडळींना स्वतःच्या हाताने सरबत देत होते. मी कोपरा गाठला होता, पण मुलाच्या आईने विचारलंच, "हे कोण?"

काकू गोड हसल्या. "हे बँकेतले. फार जपतात हो! दागिनेच काय, माणूससुद्धा बाहेर पडू देत नाहीत."

मी अख्खा पेढा तोंडात कोंबला.