मी गॅसच्या टँकरले ओवाळलं

आता काय सांगू तुम्हाला, आमचं अख्खं शेलूबाजार गाव माझ्या हातानं उडता उडता राहिलं!

आणीबाणी उठली, त्या उन्हाळ्यातली गोष्ट. आमच्या घरासमोर हमरस्त्यावर पातळ केलेल्या गॅसचा टँकर कलंडला. तो गॅस दुसऱ्या टँकरमध्ये भरायला एक साहेब आले. भरता भरता मधल्या नळीतून लोखंडी बाटलीत थोडा गॅस घ्यायचा आणि त्यात कोणता वायू किती, ते मोजायचं, हे त्यांचं काम. मला कसं कळलं? विचारलं! न विचारता मी राहते का?

साहेब म्हणाले, "काकू, गल्लीतल्या चुली विझवायला सांगा. एक ठिणगी पडली तर घरंदारं राहणार नाहीत."

घरात लेक ओली बाळंतीण. तिला उचलून न्यायचं कुठं?

धावतच सुटले. शेजारच्या शांतेच्या चुलीत तर मीच तांब्या ओतला.

"अवं, भाकर तव्यावर हाये ना माही!"

"मराचं हाये का तुले? खाय कच्ची!"

परत येऊन पाहते, तर डांबर वितळवणारं ऊन आणि त्या नळीवर पांढराशुभ्र बर्फ! हा नक्कीच देवीचा कोप!

घरात गेले, ताटात हळदकुंकू घेतलं, निरांजन लावलं, कापूर पेटवला. तुम्ही म्हणाल, बाई, विस्तव! खरं सांगते, डोक्यातच आलं नाही. चूल म्हणजे विस्तव. निरांजन म्हणजे देव!

पदर घेऊन निघाले. मला पाहताच साहेबांनी दोन्ही हात वर केले. वाटलं, माणूस मोठा भाविक!

"काकू, थांबा! तिथंच!"

ड्रायव्हर "मर गये!" ओरडत शेतात पळाला. त्याच्यामागं बंदोबस्ताचा पोलीस. मला वाटलं, फुटला टँकर! "माय वो!" म्हणत मीही पळाले… ताटासकट, थेट साहेबांकडं!

त्यांनी हाताशी ठेवलेलं ओलं पोतं ताटावर फेकलं आणि मटकन खाली बसले.

"काकू, हे काय होतं?"

"गॅस शांत राहावा म्हून ओवाळाले आली जी."

मग त्यांनी पोलिसाला हाक मारली, "टँकरचं मी पाहतो. तुम्ही यांच्यापाशी बसा."

संध्याकाळपर्यंत पोलीस माझ्या दारात! आणि लोक कसे? टँकरला खेटून बिनधास्त जायचे, माझं दार आलं की मात्र रस्ता ओलांडायचे!